कळून घेण्याचें कर्तव्य

‘न कळलें तेंच बरें झालें’ असें म्हणण्याची आपल्याकडे एक जुनी चाल आहे. दुखणें गंभीर आहे हें रोग्यास कळूं नये म्हणून घरांतील मंडळी कुजबुजत बोलतात; मुलगा काय करतो हें बापास न कळलेलें बरें म्हणून आई तें पोटांत घालते; आणि पुष्कळदां तो रोगी व तो बाप, आपणांपासून कांहीं लपविलें जात आहे हें ओळखूनहि, न कळल्याचें सुख भोगीत असतात. हें सुख निर्दोष आहे काय? एखादी गोष्ट आपणांस ठाऊक नव्हती, एवढ्यानेंच तिच्या परिणामांतून आपली सुटका होते काय? आणि ती ठाऊक करून घेण्याचें साधन हाताशीं असतां आपण तें बुद्धिपुरस्सर दूर सारलें असेल, तर त्या अज्ञानास अज्ञान म्हणावें कीं दुसरें कांहीं? हा प्रश्न फार जुना आहे. आम्हांस तो ज्या प्रसंगानें पडला तो मात्र इतका क्षुल्लक आहे कीं, वाचकांची आरंभींच क्षमा मागितलेली बरी. एका जुन्या मोटारीस एंजिनाचें तापमान दाखविणारा कांटा बसवावा कीं बसवूं नये, एवढाच तो वाद होता.

अहमदपूर येथें आमच्या घरीं वडिलांच्या वेळची एक मॉरिस मायनर मोटार आहे. अलेक इसिगोनिस या कल्पक अभियंत्यानें आंखलेली ही लहानखुरी गाडी 1948 च्या ऑक्टोबरांत विलायतेंत प्रथम लोकांपुढें आली. म्हणजे ज्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें व तेव्हां बीदर जिल्ह्यांत मोडणारें आमचें गांव निजामाच्या अंमलांतून मोकळें झालें, त्याच्या पुढच्याच महिन्यांत. दहा लाखांवर खपलेली ही पहिली ब्रिटिश मोटार होय. आमची गाडी आरंभींच्या बनावटीची, 918 घनसेंटिमीटरांच्या लहानशा एंजिनाची. वडिलांनीं ती हैदराबादेस जुनी म्हणूनच विकत घेतली होती. पुढें 1956 सालीं आमचा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यांत आला व 1982 सालीं नव्या लातूर जिल्ह्यांत गेला. जिल्हे तीन झाले, गाडी तीच राहिली.

या गाडीच्या समोरच्या फळीवर वेग दाखविणारा कांटा आहे व पेट्रोल दाखविणाराहि आहे. परंतु एंजिनांतील पाणी किती तापलें हें सांगणारा कांटा कारखान्यानेंच बसविलेला नाहीं. इतकेंच नव्हे, तर आरंभींच्या या बनावटींत पाणी खेळविण्यास पंपहि नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें, रेडिएटरांत निवून जड होतें व खालीं उतरतें, या निसर्गनियमावरच सारी भिस्त. अमेरिकेंतील फोर्डच्या लक्षावधि ‘मॉडेल टी’ गाड्या याच तत्त्वावर चालल्या. थंड हवेच्या देशांत ही व्यवस्था साधी व पुरेशी होती. पण बालाघाटच्या डोंगरपठारावर चैत्र-वैशाखांत पारा 42 अंशांपर्यंत चढतो आणि आमच्याकडील विंधण विहिरींचें जड पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चुन्याचे थर चढवितें. तेथें निसर्गनियमासहि घाम फुटावा यांत नवल नाहीं.

आमच्या गांवचे एक वृद्ध मिस्त्री या गाडीची देखभाल करीत. सन 2015 च्या दिवाळीनंतर त्यांनीं आम्हांस सांगितलें, “साहेब, एक काटा बसवून घ्या. ह्या गाडीला तोंड नाही; दुखलं तरी सांगणार कशी?” आम्हीं तें हंसण्यावारीं नेलें. आमच्याजवळ कारणें होतीं, आणि तीं अगदींच पोकळ होतीं असें आम्हांस आजहि वाटत नाहीं. म्हणून प्रथम तींच मांडतों.

पहिलें कारण मूळ स्वरूपाचें. जुन्या वस्तूचें मोल ती जशी घडली तशी राहण्यांत असतें. जुन्या वाड्याच्या कोरीव तुळईस विजेच्या तारांसाठीं भोंक पाडणाऱ्यास आपण अरसिक म्हणतों. मग कारखान्याच्या हातून जशी सुटली तशी सत्तर वर्षें टिकलेल्या फळीवर परका कांटा बसविणाऱ्यास काय म्हणावें? दुसरें कारण याहून सूक्ष्म होतें. वडील ही गाडी कांट्यावांचून चालवीत. एंजिन तापूं लागलें कीं त्याचा आवाज कोरडा होतो, चढणीवर ओढ कमी पडते, तापलेल्या रंगाचा व रबराचा एक विशिष्ट वास येतो. वडील बोलतां बोलतां थांबत, कान देत, आणि एखाद्या लिंबाखालीं गाडी उभी करीत. हें ज्ञान यंत्रानें दिलेलें नव्हतें, सहवासानें दिलेलें होतें. 1866 च्या सुमारास इंग्लंडांत क्लिफर्ड ऑलबट या वैद्यानें खिशांत मावणारा तापमापक तयार केला व पुढें तो घरोघर गेला. तत्पूर्वीं आईचा हातच कपाळाचा ताप पाही. तो हात मोजतहि होता आणि धीरहि देत होता. कांचेची नळी मोजते, परंतु धीर देत नाहीं. जेथें जेथें यंत्र मोजूं लागतें तेथें तेथें माणसाचें लक्ष उडतें, हा आमचा सिद्धांत होता आणि आम्हांस त्याचा थोडा अभिमानहि होता. मात्र वडिलांचा कान आमच्यापाशीं नाहीं, ही गोष्ट त्या सिद्धांताच्या भरांत आम्हीं विचारांत घेतली नाहीं.

सन 2016 चा उन्हाळा मराठवाड्यांतील माणसास विसरतां येणार नाहीं. मांजरा धरण कोरडें पडलें होतें. लातूर शहरास पाणी पुरवावयाचें कसें, यावर अखेर रेल्वेनें पाणी आणण्याचा उपाय निघाला. सुमारें 350 किलोमीटरांवरील मिरजेहून 10 वाघिणींतून सुमारें 5 लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी 12 एप्रिल रोजीं लातुरास पोंचली. शहराची ही कथा, तर रस्त्याकडेच्या वस्त्यांची काय असेल हें सांगणें नको. त्याच महिन्यांत एका लग्नासाठीं आम्ही अहमदपुराहून लोह्याच्या बाजूस निघालों. बरोबर घरांतील चार माणसें होतीं, पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, आणि मूळ स्वरूपांत राखलेल्या मोटारीचा अभिमान होता.

खंडोबाच्या माळेगांवाच्या अलीकडे गाडीच्या नाकांतून वाफ निघाली. आवाज कोरडा झाला असेल, वासहि आला असेल. परंतु गाडींत लग्नाच्या गोष्टी चालल्या होत्या आणि आमचे कान त्या गोष्टींकडे होते. दुपारीं बाराची वेळ. झांकण लागलींच उघडावें तर उकळतें पाणी अंगावर उडतें. म्हणून अर्धा तास वाट पाहिली. मग पाहतों तों रेडिएटरांत पाणी नाहींच. बाटल्या तोंवर पिऊन झाल्या होत्या. बांधापलीकडे पत्र्याची एक वस्ती होती. तेथून एक बाई आल्या, गाडीकडे पाहिलें, परत गेल्या, आणि डोक्यावर एक घागर घेऊन आल्या. टँकर चौथ्या दिवशीं येतो, पुढचा परवां, हें त्यांच्या बरोबरच्या मुलीनें आम्हांस सांगितलें. त्यांनीं सांगितलें नाहीं. आम्ही नको म्हणालों. त्या म्हणाल्या, “उन्हात माणसं उभी हायती. घाला.” आम्हीं तें पिण्याचें पाणी थोडथोडें करून एंजिनास पाजलें. घागर रिकामी होत आली तेव्हां, कांहीं टोंचून बोलावें म्हणून नव्हे, तर खरोखरच जाणून घ्यावें म्हणून त्या बाईंनीं विचारलें, “तापली म्हणून आधी कळत न्हाई का ओ?”

या प्रश्नास आमच्यापाशीं खरें उत्तर होतें. तें देण्याचें धैर्य नव्हतें. खरें उत्तर असें होतें कीं, कळलें असतें. परंतु कळण्याचें साधन आम्हीं शोभेसाठीं नाकारलें होतें. आम्ही म्हणालों, “जुनी गाडी आहे.” त्यांनीं मान हालविली. पाण्याचे पैसे त्यांनीं घेतले नाहींत.

या प्रसंगाची बोंच पुढें कित्येक दिवस राहिली व तिचें कारण शोधतां शोधतां एका इंग्रज लेखकाची आठवण झाली. विल्यम किंग्डन क्लिफर्ड नांवाच्या गणितज्ञानें 1877 सालीं विश्वास ठेवण्याच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यांत एक जहाजमालक येतो. जहाज जुनें झालें आहे, दुरुस्तीची गरज आहे अशी शंका त्याच्या मनांत येते. परंतु इतक्या सफरींतून सुखरूप आलेलें जहाज याहि वेळीं येईल, ईश्वर रक्षील, असें म्हणून तो ती शंका दाबतो व प्रामाणिक विश्वासानें जहाज उतारूंसह पाठवितो. जहाज बुडतें आणि त्यास विम्याचे पैसे मिळतात. क्लिफर्डचें म्हणणें असें कीं, त्याचा विश्वास कितीहि प्रामाणिक असला तरी तसा विश्वास ठेवण्याचा त्यास अधिकार नव्हता. आणि जहाज न बुडतां पैलतीरास लागलें असतें तरीहि तो तितकाच दोषी ठरला असता.

त्या जहाजमालकाशीं आपली तुलना करणें अतिशयोक्तीचें होईल हें आम्ही जाणतों. येथें कोणी मेलें नाहीं. एक घागर पाणी गेलें. परंतु एका बाबतींत आमची स्थिति त्याच्याहून वाईट होती. त्यास शंका आली व त्यानें ती दाबली. आम्हीं शंका येण्याची सोयच ठेवली नव्हती. दाबलेली शंका निदान मनांत कोठें तरी सलत राहते. जी उत्पन्नच होऊं दिली नाहीं ती सलणार कशी? म्हणून अशा अज्ञानास आम्ही निष्पाप म्हणावयास तयार नाहीं. झोंपेंत असतां घरांत चोर शिरला तर मालकाचा दोष नाहीं. परंतु रात्रीं कुत्रें भुंकून झोंपमोड करतें म्हणून ज्यानें तें हांकून दिलें, त्यानें ‘मला जाग आली नाहीं हो’ असें म्हणून चालत नाहीं.

येथें विरोधी पक्ष असें विचारील कीं, मग याला अंत कोठें? सर्वच जाणून घेणें कर्तव्य ठरलें तर माणसानें जगावें केव्हां? हा आक्षेप हलका नव्हे. आजकाल मनगटावरचें घड्याळ नाडीचे ठोके व झोंपेचे तास मोजूं लागलें आहे, आणि सकाळीं उठून आपणांस झोंप लागली होती कीं नाहीं हें घड्याळास विचारणारी माणसें आमच्या पाहण्यांत आहेत. कळण्याचाहि एक रोग असतो. तेव्हां कर्तव्याची मर्यादा कोठें तरी आंखली पाहिजे.

आमच्या मतें ती दोन प्रश्नांनीं आंखतां येते. कळल्यावर आपणांस कांहीं करतां येण्याजोगें आहे काय? आणि न कळल्यास त्याची किंमत कोण देणार? पहिल्याचें उत्तर ‘नाहीं’ असेल तर न जाणण्याचा हक्क माणसास द्यावा. असाध्य रोगाच्या अखेरच्या दिवसांत एखादा वृद्ध, ‘मला आंकडे सांगूं नका’ असें म्हणाला तर त्यास भित्रा म्हणणें क्रूरपणाचें होईल. त्याच वृद्धाच्या शिरावर कर्ज असेल व निरवानिरव राहिली असेल, तर मात्र गोष्ट तितकी सोपी राहत नाहीं; कारण त्याच्या न जाणण्याची किंमत मागें राहणाऱ्यांस द्यावी लागते. आणि दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ‘मी एकटाच’ असें देतांना माणसानें फार सावध असावें. आम्हीहि तेंच उत्तर दिलें असतें. गाडी आमची, एंजिन आमचें, बिघडलें तर खर्च आमचा; यांत दुसऱ्याचा संबंध काय? त्या दुपारपर्यंत आमच्या हिशेबांत बांधापलीकडची ती वस्ती कोठेंच नव्हती. अज्ञानाचा खरा धोका हाच आहे कीं, आपल्या अज्ञानाचें मोल कोण भरणार हेंहि त्या अज्ञानांतच झांकलेलें असतें. म्हणून संशयाचा फायदा येथें स्वतःस देऊं नये.

अशा रीतीनें आमच्या मनाचा निकाल झाला व पावसाळ्यापूर्वीं कांटा बसला. मूळ स्वरूपाची काळजी मिस्त्रींनीं आमच्याहून अधिक घेतली. जुन्या ब्रिटिश गाड्यांत विजेचा धन ध्रुव सांगाड्यास जोडलेला असे, त्यामुळें हल्लींचा विजेचा कांटा लावतांना उलटसुलट होण्याची भीति. म्हणून त्यांनीं विजेविना चालणारा जुन्या पद्धतीचा कांटा शोधून आणला. त्याची रचना मोठी सुबक असते. पाण्यांत बुडणारा पितळी गोळा, त्यास जोडलेली केसासारख्या बारीक छिद्राची लांब तांब्याची नळी व आंत ईथरसारखा लौकर वाफ होणारा द्रव. पाणी तापलें कीं आंतील दाब वाढतो, आणि तबकडीमागची वांकडी पोकळ नळी त्या दाबानें सरळ होऊं पाहते व कांटा सरकविते. 1849 सालीं युजेन बूर्दों या फ्रेंच कारागिरानें काढलेली ही युक्ति. ही नळी तोडतां किंवा मुरडतां येत नाहीं. म्हणून जास्तीच्या नळीचें वेटोळें करून ठेवलें, म्हणजे हादऱ्यांनीं ती तुटत नाहीं. एंजिनास भोंक पाडलें नाहीं. वरच्या रबरी नळीच्या मध्यें एक जोड घालून त्यांत गोळा बसविला. फळीसहि हात लावला नाहीं; खालीं एक पट्टी अडकवून तीवर कांटा बसविला. उद्यां कोणास नको वाटला तर अर्ध्या दिवसांत काढून टाकतां येईल.

तरीहि एका रसिक स्नेह्यानें ‘गाडी आतां ती राहिली नाहीं’ असें उद्गार काढलेच. त्यांस आम्हीं मिलिंद राजा व भिक्षु नागसेन यांच्या संवादाची आठवण दिली. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, दांडीहि रथ नव्हे. या सर्वांच्या एकत्र येण्यास रथ हें नांव आहे, असें त्या संवादांत ठरतें. आम्ही त्यांत इतकीच भर घालूं कीं, ज्यानें माणसें जावयाच्या ठिकाणीं पोंचतात तो रथ. वाटेंत दुसऱ्याची घागर रिकामी करणारा रथ कितीहि मूळ स्वरूपांत असला तरी रथपणास उणाच.

परंतु कांटा बसला म्हणजे कर्तव्य संपलें असें मात्र नाहीं, आणि येथें आमच्या जुन्या सिद्धांताचा एक अंश खरा ठरतो. कांटा आंकडा दाखवितो. अर्थ आपण लावावयाचा असतो. पाणी 100 अंशांवर उकळतें असें आपण शाळेंत शिकतों. परंतु सुमारें 300 मीटर वर चढलें कीं तो बिंदु जवळजवळ एक अंश खालीं येतो, आणि आमचें पठार समुद्रसपाटीपासून बरेंच उंच आहे. याहून महत्त्वाची एक गोष्ट मिस्त्रींनीं बजावून सांगितली. कांट्याचा गोळा पाण्यांत बुडालेला असेल तोंवरच तो खरें बोलतो. गळती होऊन पाणी गोळ्याच्या खालीं उतरलें कीं गोळा उघडा पडतो, आणि आंत लोखंड जळत असतांना कांटा हळूहळू खालीं येऊं लागतो. अजाण माणूस समजतो, गाडी निवली.

हें ऐकून आम्ही स्तब्ध झालों. माणसाच्या विवेकाचेंहि असेंच नसतें काय? पहिली लांच घेतांना ज्यास रात्रभर झोंप येत नाहीं, त्यासच दहाव्या वेळीं शांत झोंप लागते. ती शांति सुधारणेची नव्हे. आंतील पाणी आटल्याची आहे. टोंचणी थांबली म्हणजे दोष गेला असें समजणारा मनुष्य खालीं येणाऱ्या कांट्याकडे पाहून आनंदित होणाऱ्या सारथ्यासारखाच होय. म्हणून कांटा वर चढला तर थांबावें, हें तर खरेंच; परंतु कारणावांचून तो खालीं आला तर अधिक लौकर थांबावें. आणि हें ओळखण्यास यंत्र पुरत नाहीं. तेथें वडिलांचा तो कानच पाहिजे. मोजण्याच्या साधनानें लक्ष उडालेंच पाहिजे असें नाहीं. लक्ष कोठें द्यावें हें तें सांगतें, देण्याचें काम आपलेंच राहतें. आईनेंहि कांचेच्या नळीनें ताप पाहिला म्हणून कपाळावरचा हात कोठें काढला?

हल्लीं आम्ही लांबच्या वाटेनें जातांना पाण्याचा एक डबा बरोबर ठेवतों व चढणीवर गप्पा बंद करतों. त्या वर्षीं पाऊस चांगला झाला. मांजरा धरणहि भरलें. आश्विनांत लोह्याकडे जाण्याचा पुन्हां योग आला, तेव्हां गाडींत एक भरलेली घागर घेतली होती. वस्तीशीं थांबलों. त्या बाई शेतांत होत्या. बांधाखालच्या ओढ्यास पाणी वाहत होतें, विहीर हातानें पाणी घ्यावें इतकी भरली होती, आणि ती मुलगी तेथें कपडे धूत होती. आमची घागर पाहून तिला हंसूं आलें. चैत्रांतली घागर आश्विनांत फेडतां येत नाहीं, हें आम्हांस तेव्हां कळलें; आणि हें आधीं कळावें म्हणून कोणताहि कांटा मिळत नाहीं.